उभे पिंप आणि आडवे पिंप : कोळशाच्या आचेवर शिजवण्याच्या दोन वेगळ्या रीती

तेल आणि रसायने वाहून नेण्यासाठी जगभर वापरले जाणारे दोनशे लिटरचे पोलादी पिंप सुमारे ५७ सेंटिमीटर व्यासाचे आणि ८८ सेंटिमीटर उंचीचे असते. ते उभे ठेवून, तळाशी कोळसा पेटवून, वरून मांस टांगले तर त्याला बॅरल कुकर म्हणतात. आणि तेच पिंप आडवे पाडून, लांबीत दोन भाग करून, बिजागऱ्या व पाय लावले तरी बरेच लोक त्यालाही बॅरलच म्हणतात. दोन्हींत कोळसाच जळतो, दोन्हींना झाकण असते आणि दोन्हींतून धुराच्या वासाचे मांस निघते, त्यामुळे नवशिक्याला एकासाठी दिलेला सल्ला दुसऱ्यालाही लागू पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. तो लागू पडत नाही. पहिल्या दोनचार प्रयत्नांत ज्यांचे मांस बाहेरून करपते आणि हाडाशी कच्चे राहते, त्यांच्यापैकी अनेकांनी आडव्या पिंपाची रीत उभ्यावर किंवा उभ्याची रीत आडव्यावर चालवलेली असते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

उभ्या पिंपाची रचना अगदी थोडक्यात सांगता येते. तळाशी कोळशाची जाळीदार टोपली, तिच्याजवळ पिंपाच्या अंगाला हवा आत घेणारी एक लहान झडप, वरच्या कडेखाली आरपार घातलेल्या दोन सळ्या, त्या सळ्यांना अडकवलेले आकडे आणि घट्ट बसणारे झाकण. विस्तव आणि मांस यांच्यामध्ये पत्रा नसतो, पाण्याचे भांडेही नसते. झडपेतून आत आलेली हवा निखाऱ्यांवर तापते, हलकी होऊन वर चढते, टांगलेल्या मांसाच्या चहूबाजूंनी सरकते आणि सळ्यांच्या भोकांतून किंवा झाकणावरच्या झरोक्यातून बाहेर पडते. म्हणजे हे पिंप स्वतःच एक धुराडे आहे आणि मांस त्या धुराड्याच्या आत लोंबकळत असते. हे चित्र मनात पक्के बसले की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

आडव्या पिंपात उष्णतेचा प्रवास निराळा आहे. साध्या प्रकारात निखारे पिंपाच्या पोटात पसरतात आणि त्यांच्यावर वीतभर अंतरावर सपाट जाळी असते; मांस निखाऱ्यांच्या थेट वर ठेवले तर ते भाजले जाते, आणि निखारे एका टोकाला सारून मांस दुसऱ्या टोकाला ठेवले तर ते सावकाश शिजते. ऑफसेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात विस्तवासाठी बाजूला वेगळी पेटी जोडलेली असते आणि धूर सगळी लांबी ओलांडून दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून निघतो. गरम हवेचा ओढा वर जाण्याकडे असतो आणि येथे तिला आडवे चालवायचे असते, म्हणून विस्तवाकडचे टोक नेहमी जास्त तापते आणि दूरचे टोक मागे राहते. शिवाय पिंप लांबीत कापलेले असल्याने झाकणाची फट मीटरभराहून लांब असते, आणि ती पूर्ण हवाबंद करणे घरगुती कारागिरीत फारसे साधत नाही.

या फटीचे महत्त्व कळण्यासाठी एक हिशेब पाहावा. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळायला सुमारे ११.५ किलो हवा लागते, म्हणजे साध्या तापमानाला जवळजवळ साडेनऊ घनमीटर. दोनशे लिटरच्या पिंपात मावते ती हवा अवघी ०.२ घनमीटर, तेव्हा किलोभर कोळसा जळून जाईपर्यंत पिंपातली हवा पन्नासेक वेळा बदलावी लागते. उभ्या पिंपात ही सगळी हवा तळाच्या एकाच झडपेतून येते, म्हणून झडप जेवढी उघडी तेवढीच आच, आणि टोपलीत दोन किलो कोळसा असला काय किंवा चार किलो असला काय, तापमानात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो विस्तव किती तास टिकेल यात. आडव्या पिंपात हवा नको तेथूनही शिरते, त्यामुळे तेथे आच ताब्यात ठेवायची तर पेटलेला कोळसा किती आहे आणि तो कोठे आहे, यांवर लक्ष ठेवावे लागते. उभ्यात हवा मोजायची आणि आडव्यात निखारे मोजायचे, एवढा हा फरक आहे आणि तो मुळातला आहे.

मला तो कळला तो एका कोंबडीच्या निमित्ताने. बरीच वर्षे आडव्या पिंपावर हात बसल्यानंतर मी पहिल्यांदा उभे पिंप पेटवले होते. तापमापकाचा काटा १४० अंश सेल्सिअसवर स्थिर होता. मी सवयीने झाकण उचलले, आकड्यांवरचे कोंबडीचे दोन्ही अर्धे भाग नीट न्याहाळले, एक आकडा सरळ केला आणि झाकण परत ठेवले. काटा ११० पर्यंत उतरला होता. विस्तव मंदावला असे समजून मी झडप पूर्ण उघडली, आणि पाव तासाने काटा १९० च्या पुढे गेला. खालच्या टोकाची कातडी काळी पडली होती आणि मांडीच्या सांध्याशी रस अजून तांबडा होता. घडले होते ते असे : झाकण उघडताच वरची गरम हवा निघून गेली म्हणून काटा पडला, पण त्याच मिनिटभरात वरचे तोंड मोकळे झाल्यामुळे खालून हवेचा लोट शिरला आणि निखारे भात्याने फुंकल्यासारखे फुलले. विस्तव मंदावलेला नव्हताच, तो भडकलेला होता, आणि मी त्याला आणखी हवा दिली. आडव्या पिंपात झाकण उघडल्यावर काटा उतरला तर चार निखारे वाढवणे बहुधा योग्य ठरते. उभ्या पिंपात झाकण घट्ट लावावे, झडपेला हात न लावता पंधरा मिनिटे थांबावे, आणि मगच काट्यावर विश्वास ठेवावा.

पेटवण्याची रीतही यातूनच ठरते. उभ्या पिंपाची टोपली न पेटलेल्या कोळशाने भरावी, त्यातले सुमारे चाळीस तुकडे काढून पत्र्याच्या पेटवण्याच्या नळकांड्यात घालावेत आणि खाली कागद पेटवून पंधरावीस मिनिटे थांबावे. वरच्या तुकड्यांच्या कडांवर पांढुरकी राख धरली की ते निखारे टोपलीतल्या काळ्या कोळशावर ओतून सारखे पसरावेत. विस्तव मग वरून खाली, एका थरातून दुसऱ्या थरात सावकाश उतरतो आणि कित्येक तास कोळसा घालावा लागत नाही. आडव्या पिंपात सगळा कोळसा पेटवूनच जाळीखाली सोडतात आणि लांबचे शिजवण असेल तर तासाभराच्या अंतराने, वेगळे पेटवून घेतलेले निखारे थोडे थोडे घालत राहतात. उभ्या पिंपाची टोपली जर सगळीच पेटवून ठेवली, तर पहिला तास ती आवरत नाही आणि नंतर लवकर विझू लागते.

कोळशाच्या निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. लाकूड अपुऱ्या हवेत जाळून केलेला लोणारी कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो आणि राख थोडी सोडतो, पण त्याचे तुकडे लहानमोठे असल्याने मधल्या फटी सारख्या नसतात आणि विस्तव कधी धावतो तर कधी अडतो. भुकटी दाबून केलेल्या वड्या, म्हणजे ब्रिकेट, राख जास्त करतात, पण एकसारख्या आकारामुळे एकसारख्या जळतात. उभ्या पिंपावर शिकणाऱ्याने ब्रिकेट वापराव्यात, म्हणजे बदलणारी एक गोष्ट कमी होते. आडव्यावर दोन्ही चालतात. पेटवण्याचे द्रव आधीच मुरवलेल्या वड्या मात्र उभ्या पिंपाच्या टोपलीत अजिबात नकोत, कारण तेथे कोळसा मांस टांगलेले असतानाच थराथराने पेटत जातो आणि त्या द्रवाचा वास तासन्‌तास मांसावरूनच वर जातो.

चरबीचे थेंब हा दोघांमधला सर्वांत सुरेख फरक आहे. उभ्या पिंपात टांगलेल्या तुकड्याच्या टोकाशी चरबी जमते, थेंब फुगतो, सुटतो आणि हातभर खाली निखाऱ्यावर पडतो. झाकणाजवळ कान नेला तर बारीक ‘चर्र’ ऐकू येते आणि थोड्या वेळाने सळीच्या भोकातून निळसर धुराची एक वळी निघते. आत हवा बेताची असल्याने ज्योत धरत नाही, चरबीची वाफ होते आणि ती वर चढताना मांसावर बसते. या प्रकाराची खास चव येते ती बऱ्याच अंशी येथूनच, म्हणून मध्ये पत्रा किंवा पाण्याचे भांडे ठेवून ‘सुधारणा’ करू नये. आडव्या पिंपात, विशेषतः झाकण उघडे असताना, तोच थेंब पेट घेतो आणि ज्वाळा जाळीपर्यंत पोचून मांसावर काजळी धरते. तेथे चरबीचे तुकडे निखाऱ्यांच्या बाजूला ठेवणे आणि खाली थेंब धरणारे पसरट भांडे ठेवणे हेच शहाणपणाचे.

टांगण्यात एक काळजी घ्यावी लागते. पिंपात खाली आच अधिक आणि वर थोडी कमी असते, म्हणून तुकड्याचा जाड भाग खाली आणि पातळ भाग वर असावा. फासळ्यांच्या पट्टीला एकाऐवजी दोन आकडे, वरून तिसऱ्या हाडाच्या खालून घातलेले असावेत, कारण शिजत आल्यावर मांस हाडावरून सुटते आणि एकच आकडा त्यातून ओघळून अख्खी पट्टी निखाऱ्यांत पडते. उलटण्या-पालटण्याची येथे गरज नसते. आडव्या पिंपात मात्र विस्तवाकडची बाजू अधूनमधून फिरवावीच लागते. शिजले की नाही हे दोन्हींत घड्याळावरून ठरवू नये, मांसात खुपसायच्या तापमापकावरून ठरवावे : कोंबडी आतून ७४ अंश, डुकराचा किंवा गुरांचा साधा अखंड तुकडा ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती, आणि हाताने सुटावा असा खांद्याचा चिवट तुकडा ९० ते ९६ अंश, कारण त्यातल्या चिवट तंतूंचे जिलेटिन होण्यास तेवढी उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. अशा मोठ्या तुकड्याचे तापमान ७० अंशांच्या आसपास तासन्‌तास अडून बसते. पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन घाम सुकावा तसा गारवा देत असते, तेव्हा आच वाढवण्याची घाई करू नये.

धुरासाठी कठीण लाकडाचे मुठीएवढे एकदोन तुकडे पुरतात आणि राळ असलेले लाकूड कोणत्याच पिंपात घालू नये. दाट पांढरा धूर दिसत असेल तर विस्तव अजून नीट धरलेला नाही; तो विरळ व निळसर होईपर्यंत मांस टांगू नये. वारा थेट झडपेत शिरत असेल तर उभे पिंप फिरवून झडप वाऱ्याच्या आडोशाला आणावी, आणि उंच डोंगराळ ठिकाणी हवा विरळ असल्यामुळे झडप सखल भागापेक्षा जास्त उघडी ठेवावी.

स्वतः पिंप तयार करणाऱ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. आत पूर्वी काय होते हे ठाऊक नसलेले पिंप घेऊ नये, आणि ज्वलनशील द्रवाचे बंद पिंप कापण्यास किंवा जोडण्यास कधीही घेऊ नये, कारण उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. नव्या पिंपालाही आतून बहुधा रंगाचा किंवा रेझिनचा थर असतो. तो मोठा जाळ करून पूर्ण जाळून, खरवडून काढल्याखेरीज, आणि मग आतून तेल लावून एकदा रिकामे तापवल्याखेरीज त्यात अन्न शिजवू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा टाळावा. आणि पिंप उभे असो वा आडवे, ते घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद छपराखाली पेटवू नये : जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

पहिले पिंप कोणते घ्यावे असे कोणी विचारले तर मी उभे सुचवतो. चपट्या तुकड्यांचे झटपट भाजणे आणि पुष्कळ माणसांसाठी एकाच वेळी जाळी भरणे हे आडव्या पिंपाचे काम आहे आणि ते उभ्याने होत नाही. परंतु मोठा तुकडा तीनचार तास, विस्तवाजवळ बसून न राहता शिजवायचा असेल, तर एक झडप आणि थोडा धीर एवढ्यावर उभे पिंप ते करते. काम संपल्यावरचा फरकही त्याच्या बाजूने आहे. झडप बंद केली, भोके झाकली आणि झाकण दाबून बसवले की उभ्या पिंपातला विस्तव हवेवाचून गुदमरून विझतो, आणि दुसऱ्या दिवशी राख झटकून उरलेला कोळसा टोपलीत खाली घालता येतो, त्यावर नवा. आडव्या पिंपात लांब फटीतून हवा झिरपत राहते आणि रात्रभरात बहुतेक कोळशाची राख होते. ती राखही वरून थंड दिसली तरी आत निखारे जपून ठेवते, म्हणून ती निदान ४८ तास झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहू द्यावी आणि मगच टाकावी.