फोक, फासा आणि दुसरीचा वर्ग

माझी मावसबहीण तासगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली-दुसरी एकत्र, पोरं अठ्ठावीस. दिवाळीला घरी आली की आधी चहा, मग चकली आणि मग शाळेच्या तक्रारी. यंदा तिनं मलाच धरलं. "तू विज्ञानाचं लिहितोस ना? मग एक सांग. काही बोललं नाही की पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतात. ओरडलं की पाच मिनिटं गप. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी म्हणतात, बाई, जरा दरारा ठेवा. आता दरारा म्हणजे नेमका किती ठेवायचा?"

आमच्या लहानपणी या प्रश्नाचं उत्तर वर्गाच्या कोपऱ्यात उभं असायचं: निरगुडीचा फोक. तो आम्हीच ओढ्याकडनं तोडून आणायचो आणि चांगला लवचीक निघाला तर शाबासकीही मिळायची. वडीलमंडळी शाळेत येऊन सांगून जायची, "गुरुजी, डोळं तेवढं राखा, बाकी पायजे तसं हाणा." त्या बापांना निर्दय म्हणणं सोपं आहे. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली ती १९१९ साली. त्याआधी या मुलखातल्या बहुतेक घरांत शाळेचं तोंड पाहिलेलं माणूसच नव्हतं. इतक्या उशिरा दारात आलेलं शिक्षण हातचं जाऊ नये म्हणून पोरगं गुरुजींच्या स्वाधीन करायचं, ते अर्धवट नाही, पुरतंच.

आजही पारावर बसलेली माणसं छातीठोकपणे सांगतात, मार खाल्ला म्हणून घडलो. ती खोटं बोलत नाहीत. गुरुजींनाही आपल्या डोळ्यांनी दिसलेलं असतं की फोक बसला आणि पोरगं सुधारलं. घोटाळा आहे तो या दिसण्यातच.

लुडोचा फासा घ्या. वर्गातल्या प्रत्येकाला एकदा टाकायला सांगा. ज्याला एक पडला त्याला सडकून रागवा, ज्याला सहा पडले त्याची पाठ थोपटा. आता पुन्हा टाकायला लावा. एकवाल्याला या खेपेला जास्त पडण्याची शक्यता सहात पाच. सहावाल्याला कमी पडण्याची शक्यताही सहात पाच. म्हणजे बोलणी खाल्लेली बहुतेक पोरं 'सुधारली' आणि कौतुक केलेली 'शेफारली'. फाशाला ना राग कळतो ना कौतुक. पोराचं श्रुतलेखन म्हणजे काही निव्वळ फासा नव्हे, पण त्यातही नशिबाचा वाटा असतो: रात्री झोप झाली का, नेमके येणारेच शब्द आले का, शेजारच्यानं कोपर मारलं का. दहापैकी दोन बरोबर येणं हा बहुधा त्या पोराचा वाईट दिवस असतो आणि वाईट दिवसानंतर नेहमीचा दिवस येतोच, फोक मारा अगर मारू नका. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांना हे उमगलं ते इस्रायलच्या वायुदलातल्या प्रशिक्षकांपुढे बोलताना. एका अनुभवी प्रशिक्षकानं त्यांना ठणकावून सांगितलं होतं की कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं. काहनेमननी तिथंच जमिनीवर खूण केली आणि एकेकाला पाठमोरं उभं करून दोन-दोन नाणी तिच्याकडे फेकायला लावली. पहिलं नाणं खुणेजवळ पडलं त्यांचं दुसरं बहुधा लांब गेलं, आणि पहिलं लांब गेलं त्यांचं दुसरं जवळ आलं.

दुसरा घोटाळा जास्त चिवट. ओरडल्यावर वर्ग ताबडतोब गप होतो, म्हणजे बक्षीस कोणाला मिळालं? ओरडणाऱ्याला. पोरांना वळण लागो न लागो, बाईंना मात्र ओरडण्याचं वळण लागतं. आणि ती शांतता फार टिकत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९३८ साली छापलेला एक प्रयोग आहे. दांडी दाबली की खाणं मिळतं हे शिकलेल्या उंदरांना दांडी दाबून खाणं मिळणं बंद केलं, आणि त्यातल्या काहींच्या पंजावर सुरुवातीला दांडी दाबताच फटका बसेल अशी सोय केली. फटका खाल्लेले उंदीर तेवढ्यापुरते थांबले, पण दुसऱ्या दिवसाअखेर दोन्ही गटांनी दांडी दाबल्याची बेरीज जवळजवळ सारखीच भरली. फटक्यानं सवय मोडली नाही, नुसती दबून बसली.

उंदरावरून थेट पोरावर उडी मारू नये, हे मान्य. म्हणून पोरांवरचंच बघू. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात संशोधकांना दोन शाळा सापडल्या. एकीत चुकलं की काठी, चापट, चिमटा. दुसरीत समज देणं किंवा थोडा वेळ बाजूला बसवणं. तीन-चार वर्षांच्या मुलांना पाठीमागं ठेवलेलं खेळणं न बघता आवाजावरून ओळखायला सांगून मोठं माणूस खोलीबाहेर गेलं. दोन्हीकडच्या बहुतेक पोरांनी वळून बघितलंच. त्या वयाला ते शोभतं. पुढं "बघितलंस का?" असं विचारल्यावर बिनमाराच्या शाळेतली साधारण निम्मी मुलं खोटं बोलली, माराच्या शाळेतली जवळपास सगळीच. शिवाय त्यांना खोटं निभावताही छान आलं. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षेतून पोरं काहीच शिकत नाहीत असं कोण म्हणतं?

शिकण्यासाठी लागतो तो मेंदूचा कपाळामागचा भाग. सूचना लक्षात ठेवणं, हात आवरणं, उत्तर तोंडावर आलं तरी थांबणं ही त्याची कामं. तो पुरता पिकायला विशी उलटावी लागते; सात वर्षांच्या पोरात तो अगदी कोवळा असतो. भीतीनं ताणाची रसायनं उसळली की पहिल्यांदा ढेपाळतो तोच. गप्प बसलेलं पोरगं ऐकत असतं असं नाही, बऱ्याचदा ते नुसतं बाईंच्या हाताकडे बघत असतं. वजाबाकीत हातचा घ्यायचा राहतो तो इथं.

मग लाड करायचे का? तर नाही. १९३९ साली मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं करून त्यांच्यावर तीन तऱ्हांचे म्होरके नेमले: हुकूम सोडणारा, विचारून ठरवणारा आणि 'काय करायचं ते करा' म्हणणारा. या शेवटच्याच्या हाताखाली काम कमी आणि दंगाच जास्त झाला. हुकमी म्होरक्याकडे काम भरपूर व्हायचं, पण त्याची पाठ वळली रे वळली की पोरं हातातलं टाकून द्यायची. विचारून ठरवणाऱ्याच्या मागंही काम चालूच राहायचं. पहिली-दुसरी एकत्र सांभाळणाऱ्या बाईला दिवसातून दहा वेळा एका इयत्तेकडे पाठ करावीच लागते.

ताईच्या कामाचं पुढं आहे. १९६८ सालच्या एका अभ्यासात पहिलीच्या वर्गात दिसलं की शिक्षिका जितक्या जास्त वेळा "खाली बस" म्हणतील, तितकी जास्त पोरं उभी राहतात. दरवेळी पोरगं बसायचंही, म्हणून त्यांना वाटायचं, चाललंय. खरं तर "खाली बस" हेच उभं राहण्याचं बक्षीस झालं होतं: बाईंचं लक्ष. बसलेल्यांचं कौतुक सुरू केल्यावर उभी राहणारी कमी झाली. १९७०च्या आणखी एका अभ्यासात खोडकर मुलांना सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं न रागावता फक्त ज्याचं त्यालाच ऐकू येईल असं बोलून बघितलं. बहुतेकांच्या खोड्या कमी झाल्या, आणि पुन्हा मोठ्यानं रागावायला लागल्यावर वाढल्या.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, हे ताईला पाठ आहे. तिला हवा होता तो आकडा, आणि आकडा नाही. माझ्या मते कडकपणा आवाजात शोधणं हीच चूक. पट्टी हिसकावली तर ती परत द्यायची आणि पाच मिनिटं पुढच्या बस्करावर बसायचं, हे सोमवारी असेल तर शुक्रवारी, खिचडीचा वास सुटल्यावर, बाईंचं डोकं दुखत असतानाही असायला हवं. पाच वेळा सोडून सहाव्यांदा धपाटा, हे पोराच्या दृष्टीनं पुन्हा फासाच.

जानेवारीत तिच्या शाळेत गेलो होतो. एक पोरगा पेन्सिलीनं टकटक करत होता. ताई पहिलीचं गाणं न थांबवता त्याच्यापर्यंत गेली, वाकली, कानात काहीतरी बोलली. टकटक थांबली. मागच्या दोघींना तर पत्ताही लागला नाही. पुढच्या अर्ध्या तासात ती अशी सात वेळा वाकली; मी मोजलं. मधल्या सुट्टीत कमरेवर हात ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "पोरं ऐकतात रे, मी खोटं नाही बोलत. पण ह्या कमरेवर कुणी अभ्यास केलाय का?"