स्त्रियांचा आर्थिक सहभाग व दारिद्र्यनिवारण

मोबदल्याचे काम, व्यवसाय, मालमत्तेची मालकी आणि पैशाविषयीचे निर्णय यांत स्त्रियांना असलेला वाटा म्हणजे त्यांचा आर्थिक सहभाग. गरीब घरातील स्त्री रिकामी क्वचितच असते. शेत, पाणी, सरपण, स्वयंपाक, मुलांचे व आजाऱ्यांचे करणे यांतच तिचा दिवस जातो, पण त्याचा दाम तिच्या हाती पडत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील बिनमोबदला घरकाम व संगोपनाचा ७६.२ टक्के भार स्त्रियांवर आहे. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्तर बोसरूप यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते, की विकास योजनांतील अवजारे व प्रशिक्षण पुरुषांकडे जातात आणि शेतात राबणाऱ्या स्त्रिया मागे पडतात.

घरात आलेला पैसा कोणाच्या हाती जातो, याला फार महत्त्व आहे. दक्षिण आफ्रिकेतील वृद्धापकाळ पेन्शनचा अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी अभ्यास केला (२००३). पेन्शन आजीला मिळत असेल, तेथे नातींचे पोषण सुधारलेले आढळले. आजोबांच्या पेन्शनचा तसा परिणाम दिसला नाही. मेक्सिकोने १९९७ पासून मुलांच्या शाळा व आरोग्य तपासणीशी जोडलेले अनुदान मातांच्या हाती दिले. त्या अटी पाळण्याची धावपळही मातांच्याच माथी आली, ही टीका रास्त आहे.

सूक्ष्मकर्जाकडून, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जाकडून, मात्र फार मोठ्या अपेक्षा ठेवल्या गेल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील चाचण्यांत कर्जदार कुटुंबांच्या उत्पन्नात सरासरीने मोठा पालट आढळला नाही. कर्ज फेडावे लागते. बाजारपेठ, कौशल्य आणि मोकळा वेळ नसेल, तर धंदा वाढत नाही. याउलट केनियातील मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या व साठवण्याच्या सेवेमुळे सुमारे २ टक्के कुटुंबे तीव्र दारिद्र्यातून वर आली, असा अर्थतज्ज्ञ तव्नीत सुरी व विल्यम जॅक यांचा अंदाज आहे (२०१६). स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत हा परिणाम अधिक ठळक होता. पैसा स्वतःच्या खात्यात सुरक्षित राहिल्याने अनेक स्त्रिया शेतीकडून व्यापाराकडे वळल्या.

कमाई आजारपणात किंवा वैधव्यात थांबते. जमीन तेव्हाही आधार देते. म्हणून वारसाहक्क हा या विषयाचा गाभा मानला पाहिजे. रुआंडाने १९९९ च्या कायद्याने मुलींना मुलांइतका वारसा दिला. पत्नीच्या हक्कासाठी मात्र विवाहाची कायदेशीर नोंदणी लागते, त्यामुळे केवळ पारंपरिक रीतीने लग्न झालेल्या स्त्रिया त्या संरक्षणाबाहेर राहिल्या.