अटलांटा बेल्टलाइन

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराला वळसा घालणाऱ्या जुन्या मालवाहू लोहमार्गांच्या जागेवर उभा राहत असलेला सार्वजनिक वाहतूक, पायवाटा, उद्याने आणि घरबांधणी यांचा प्रकल्प. वळशाची लांबी सुमारे ३५ किमी (२२ मैल). पायवाटेचा बराचसा भाग झाला, उद्याने झाली, घरे तर हवी होती त्याहून वेगाने आणि महाग झाली. ज्या ट्रामगाडीसाठी ही कल्पना मुळात मांडली गेली, ती गाडी मात्र अजून सुरू झालेली नाही.

अटलांटा हे रेल्वेने वसवलेले गाव. त्याला ना बंदर, ना मोठ्या नदीचा घाट. १८३७ मध्ये वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वेचे शेवटचे टोक जिथे ठरवण्यात आले तिथे वस्ती झाली आणि तिचे पहिले नावही ‘टर्मिनस’, म्हणजे अखेरचे स्थानक, असेच पडले. यादवी युद्धानंतर शहराच्या मध्यात एवढे मार्ग येऊन मिळाले की मालगाड्यांची कोंडी होऊ लागली. तेव्हा १८७० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत निरनिराळ्या कंपन्यांनी मध्यवस्ती टाळून जाणारे मार्ग टाकले. कमरपट्ट्यावरून त्यांना ‘बेल्ट लाइन’ म्हणत. एका आराखड्यातून निघालेले वर्तुळ मात्र हे कधीच नव्हते. चार वेगवेगळ्या मार्गांचे तुकडे नकाशावर एकमेकांना जोडून पाहिले की वर्तुळ दिसते, इतकेच. पुढे जमीन ताब्यात घेताना तुकड्यागणिक वेगळी वाटाघाट करावी लागली, तिचे मूळ इथे आहे.

या मार्गांच्या कडेने गोदामे, कारखाने आणि मालधक्के उभे राहिले. पोन्स डी लिऑन मार्गावर १९२६ मध्ये सीअर्स कंपनीने टपालाने माल पाठवण्यासाठी अवाढव्य इमारत बांधली. समोर बेसबॉलचे मैदान होते, त्यात मॅग्नोलियाचे झाड खेळाच्या हद्दीतच उभे असे. मैदान गेले, झाड अजून आहे. महामार्ग आले, मालवाहतूक ट्रककडे गेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक साइडिंग बंद पडत गेले. उरलेल्या रुळांवर कुडझूची वेल चढली. अमेरिकेच्या दक्षिणेत ही वेल काहीही झाकून टाकते. रूळ ही दोन वस्त्यांमधली भिंतही होती. अनेक ठिकाणी एका बाजूला गोरी वस्ती आणि दुसऱ्या बाजूला काळी, अशी शहराची विभागणी या मार्गांनी पक्की केली होती.

या पडक्या मार्गांवरून पुन्हा गाडी चालवावी, ही कल्पना रायन ग्रॅव्हल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये जॉर्जिया टेकमधील पदव्युत्तर प्रबंधात मांडली. तो त्याआधी शिक्षणासाठी पॅरिसला वर्षभर राहिला होता आणि मोटारीवाचून चालत व मेट्रोने जगता येते हे त्याने तिथे अनुभवले होते. जिथे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही मोटारीने जातात अशा शहरात परतल्यावर त्याला ही कल्पना सुचली, यात नवल नाही. वळशावर ट्राम धावावी, तिने सुमारे ४५ वस्त्या एकमेकींना जोडाव्यात आणि शहराच्या मार्टा या मेट्रोच्या स्थानकांना मिळावे, हा त्याचा आराखडा. पायवाटा आणि मोठी उद्याने त्यात नंतर आली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आज लोकांच्या मनात तो नेमका उलटा आहे.

प्रबंध फडताळात पडून राहिला असता. २००१ मध्ये ग्रॅव्हलने दोन सहकाऱ्यांसह नगरसेवक व अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. नगरपरिषदेतील कॅथी वूलार्ड यांनी ती उचलून धरली आणि वस्त्यावस्त्यांतून बैठका सुरू झाल्या. महापौर शर्ली फ्रँकलिन यांनी प्रकल्प शहराचा म्हणून स्वीकारला. २००४ मध्ये नगररचनाकार अलेक्झांडर गार्विन यांनी ट्रस्ट फॉर पब्लिक लँड या संस्थेसाठी अहवाल लिहिला. मार्गालगतच्या मोकळ्या जागा, खाणी आणि पडीक कारखाने जोडून उद्यानांची माळ गुंफता येईल, असे त्यात होते. त्याच सुमारास ईशान्येकडचा तुकडा एका बांधकाम व्यावसायिकाने रेल्वे कंपनीकडून विकत घेतला आणि पीडमाँट पार्कच्या कडेला उंच मनोरे बांधण्याचा घाट घातला. आजूबाजूच्या रहिवाशांनी तो हाणून पाडला आणि अखेर ती जमीन प्रकल्पाकडे आली.

पैसा उभा करण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय या प्रकल्पाचे पुढचे भांडण कळत नाही. २००५ मध्ये मार्गालगतच्या सुमारे ६,५०० एकरांचा विशेष करक्षेत्र म्हणून २५ वर्षांसाठी ठराव झाला. त्या क्षेत्रातील मालमत्तांचे त्या वर्षीचे मूल्य आधार धरायचे. पुढे भाव वाढून जो जादा मालमत्ता कर जमेल तो सरकारी तिजोरीत न जाता प्रकल्पाकडे वळवायचा आणि त्या भरवशावर रोखे काढायचे. म्हणजे जमिनीचे भाव वाढले तरच पायवाट पुढे सरकणार. या कराचा मोठा वाटा एरवी शाळांना मिळतो, त्यामुळे प्रकरण न्यायालयात गेले. २००८ च्या आरंभी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांचा कर असा वळवता येणार नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर करून वाट मोकळी केली. पण तोवर मंदी आली होती, भाव कोसळले होते आणि अपेक्षित पैसा जमलाच नाही. शाळा मंडळाला द्यायच्या रकमेवरून शहराशी वाद पुढे बरीच वर्षे चालला.

पैसा थोडा असल्याने जे स्वस्त आणि लवकर दिसणारे, ते आधी झाले. २००८ मध्ये वेस्ट एंड भागात पायवाटेचा पहिला तुकडा खुला झाला. खरी कलाटणी मिळाली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये, पीडमाँट पार्क ते इनमन पार्क या पूर्व भागातील सुमारे साडेतीन किमीच्या वाटेने. चौदा फूट रुंद काँक्रीटची पट्टी आणि शेजारी ट्रामसाठी राखून ठेवलेली मोकळी जागा. रूळ काढून टाकले, आर्सेनिक आणि क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठीचे डांबरी तेल) यांनी बिघडलेली माती उपसावी लागली. जुन्या स्लीपरांचा तो वारसा. सायकलवाले, बाबागाड्या, कुत्री, स्केटिंग करणारी पोरे अशी तिथे सुट्टीच्या दिवशी इतकी गर्दी होते की चालणाऱ्याला सायकलची धास्ती वाटते. सीअर्सच्या इमारतीत २०१४ पासून पोन्स सिटी मार्केट भरू लागले आणि तिचा वाटेकडचा दरवाजा रस्त्याकडच्याइतकाच गजबजला.

उद्यानांपैकी दोन विशेष उल्लेखनीय. हिस्टॉरिक फोर्थ वॉर्ड पार्क (२०११) मुळात उद्यान म्हणून सुचलेच नव्हते. सीअर्सच्या इमारतीच्या आसपासच्या सखल भागात पावसाचे पाणी तुंबत असे आणि त्यासाठी जमिनीखालून मोठा बोगदा खणायचे चालले होते. त्याऐवजी पाणी साठवणारे तळे खोदले, भोवती पायऱ्या व हिरवळ केली. बोगद्यापेक्षा ते स्वस्त पडले. दुसरे, शहराच्या वायव्येकडची बेलवुड ही ग्रॅनाइटची दगडखाण. तिच्यात आता सुमारे ९०० कोटी लिटर पिण्याचे पाणी आहे. टंचाईत शहराला महिनाभर पुरावे हा हिशेब. पाणी आणण्यासाठी आठ किमी बोगदा खणणाऱ्या यंत्राला गावकऱ्यांनी रॅप गायक किलर माइकवरून ‘ड्रिलर माइक’ असे नाव दिले होते. खाणीच्या काठावरचे २८० एकरांचे उद्यान २०२१ मध्ये खुले झाले. पुढे त्याला शर्ली फ्रँकलिन यांचे नाव मिळाले.

भाव मात्र ठरल्याप्रमाणे वाढले. जॉर्जिया टेकमधील एका अभ्यासानुसार २०११ ते २०१५ या काळात मार्गापासून अर्ध्या मैलातील घरे इतर शहराच्या तुलनेत सुमारे १८ ते २७ टक्के अधिक महागली. घर स्वतःचे असलेल्या वृद्धाला मालमत्ता कर पेलेना आणि भाडेकरूची अवस्था तर त्याहून बिकट. यात सर्वाधिक झळ बसली ती दक्षिण व पश्चिमेकडील काळ्या वस्त्यांना. २०३० पर्यंत परवडणारी ५,६०० घरे देण्याचे उद्दिष्ट होते, पण सुरुवातीची बरीच वर्षे ते फार मागे राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हलने, समतेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही म्हणून, प्रकल्पासाठी निधी जमवणाऱ्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. २०१७ मध्ये प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीचे प्रमुख बदलले गेले. त्यानंतर घरांचा वेग वाढला आणि जुन्या रहिवाशांचा वाढीव कर भरून देण्याची योजनाही निघाली. ज्या यंत्रणेचे इंधनच भाववाढ आहे तिच्याकडून भाववाढीपासून संरक्षण मागायचे, ही अडचण त्यामुळे सुटत नाही.

गाडीची कथा लहान आहे. २०१२ च्या जुलैमध्ये वाहतुकीसाठीचा प्रादेशिक विक्रीकर मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबर २०१६ मध्ये अटलांटाकरांनी मार्टासाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर मान्य केला आणि मध्यवस्तीतली २०१४ ची छोटी ट्राम पूर्वेकडील पायवाटेपर्यंत वाढवण्याचा आराखडा तयार होऊ लागला. एव्हाना पायवाट लोकांच्या अंगवळणी पडली होती. राखीव पट्टीवर गवत वाढले होते, झाडे मोठी झाली होती. ट्राम आली तर ती कापली जातील, सावली जाईल, शांतता जाईल, असे म्हणणारा गट उभा राहिला. त्यात पायवाट आहे म्हणून महागडे घर घेतलेले लोकही होते. समोर रेल्वेचा आग्रह धरणारे. मार्च २०२५ मध्ये महापौर आंद्रे डिकन्स यांच्या प्रशासनाने पूर्वेकडील ट्रामला असलेला पाठिंबा काढून घेतला आणि सार्वजनिक वाहतुकीची सुरुवात दक्षिणेकडून करण्याची भूमिका घेतली. या भागात गरज अधिक आहे हे खरे. पण तिथे पायवाट नवी आहे आणि विरोध करणारे अजून राहायला आलेले नाहीत, हेही खरे.

पॅरिसमधील प्रोमनाद प्लाँते (१९९३) किंवा न्यूयॉर्कची हाय लाइन (२००९) यांच्याशी बेल्टलाइनची तुलना नेहमी होते. ती दोन्ही उन्नत, अरुंद आणि मुख्यतः फिरायच्या जागा आहेत. हाय लाइनची लांबी तर जेमतेम अडीच किमी. बेल्टलाइन जमिनीवरून, तर कुठे भरावावरून आणि पुलाखालून जाते आणि रोज कामावर जाण्याचा रस्ता व्हावी अशी तिच्याकडून अपेक्षा आहे. वर्तुळ अजून अखंड नाही. काही तुकड्यांवरून आजही मालगाड्या धावतात आणि तिथे पायवाट रुळांपासून दूर, रस्त्याच्या कडेने वळवावी लागते.