चव सांगणारे आणि आवड सांगणारे

संत्र्याचे नवे वाण बाजारात येण्यापूर्वी ते ‘लोकांना चाखायला दिले जाते’ असे आपण सहज म्हणतो, परंतु या एका वाक्यात दोन निराळ्या चाचण्या मिसळून गेलेल्या असतात. एकीत आठ-दहा प्रशिक्षित परीक्षक फळात काय आहे ते सांगतात. दुसरीत शंभरेक साधे ग्राहक ते आपल्याला आवडले की नाही, एवढेच सांगतात.

प्रशिक्षित परीक्षक साखरेची आणि सायट्रिक आम्लाची ठरावीक तीव्रतेची द्रावणे वारंवार चाखून आपली जीभ बसवून घेतो आणि मग गोडी, आंबटपणा, कडवटपणा, रसाळपणा, चोथा अशा प्रत्येक गुणासाठी, तो किती कमी वा जास्त हे दाखवणाऱ्या रेषेवर खूण करतो. ‘छान आहे’ हे उत्तर त्याच्याकडून चालत नाही. संत्र्याच्या बाबतीत हे काम विशेष किचकट आहे, कारण एकच फळ सगळीकडे सारखे गोड नसते; देठाकडच्या भागापेक्षा खालचा भाग अधिक गोड असतो. त्यामुळे अनेक फळांच्या फोडींचे तुकडे करून, ते एकत्र कालवून, तीन आकडी सांकेतिक क्रमांक घातलेल्या वाट्यांतून दिले जातात. रस असेल तर घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते: नेव्हल संत्र्याचा रस काढताक्षणी गोड लागतो आणि काही तासांनी लिमोनिन या कडू द्रव्यामुळे कडवट होतो.

ग्राहकाला मात्र काहीही शिकवायचे नसते, किंबहुना तो न शिकलेला असणे हेच त्याचे मोल. त्याच्यापुढे ‘अतिशय नावडले’ ते ‘अतिशय आवडले’ अशी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी ठेवतात. ती मुळात अमेरिकी सैन्याच्या खाद्यपदार्थांसाठी तयार झाली. कारण विचारले की तो गोंधळतो, आंबटाला बेधडक कडू म्हणतो.

त्याला नुसत्या सोललेल्या फोडी देणे मला अपुरे वाटते. किन्नो हे किंग आणि विलो लीफ या दोन संत्रावर्गीय वाणांच्या संकरातून कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे तयार झालेले आणि 1935 साली प्रसारित झालेले वाण. आज ते पंजाबचे प्रमुख संत्रावर्गीय फळ आहे. त्याची साल घट्ट आणि बिया पुष्कळ, तर नागपुरी संत्र्याची साल अंगठा घालताच सुटते. वाटीतल्या तुकड्यांत हा फरक नाहीसा होतो, आणि घरी फळ सोलणाऱ्याची आवडनिवड बरीचशी तिथेच ठरते.

सरासरीही फसवी असते. समजा, शंभरांपैकी साठ जणांनी 7 गुण दिले आणि चाळिसांनी 2, तर सरासरी येते 5, म्हणजे ‘ना आवडले, ना नावडले’. प्रत्यक्षात तसे एकानेही म्हटलेले नसते. अशा वेळी अनेक वाणांवरची ग्राहकांची मते आणि प्रशिक्षित परीक्षकांचा तक्ता शेजारी-शेजारी मांडला, की ते चाळीस जण आंबटपणावर अडले की चोथ्यावर, याचा माग लागू शकतो.