पूरक हवापिशवी (पिकअपचे मागील सस्पेन्शन)

पूरक हवापिशवी म्हणजे पिकअपच्या मागच्या पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) मदतीला, चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि एक्सल (चाकांचा आस) यांच्यामध्ये बसवलेली जाड रबराची हवाबंद पिशवी. अपघातात फुगून माणसाला वाचवणाऱ्या एअरबॅगशी तिचा काही संबंध नाही. बसच्या कामात मुरलेले मिस्त्री तिला बेलो किंवा बलून म्हणतात आणि ते बरोबरच आहे, कारण तत्त्व बसच्या एअर सस्पेन्शनचेच. मात्र तशा बसमध्ये सगळा भार हवाच पेलते. इथे मूळ पाटे जागेवर राहतात आणि हवा फक्त हातभार लावते. महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझु डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स या सगळ्यांना मागे पाटेच असल्याने हा उपाय त्यांना लागू पडतो.

सोलापूर जिल्ह्यात ओढण्याचे काम मुख्यतः ट्रॅक्टरचे. पिकअपच्या मागे असतो तो मांडवाचा जनरेटर, पाण्याचा लहान टँकर किंवा सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबबागेतला फवारणीचा ब्लोअर. मागून गाडी बसू लागली की इथला ठरलेला इलाज म्हणजे एक पाटा वाढवणे. तो स्वस्त आणि भरवशाचा आहे, पण वाढवलेला पाटा गाडी मोकळी असतानाही तितकाच कडक राहतो. माल उतरवून परत येताना प्रत्येक खड्ड्याला मागची चाके उडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. हवापिशवीत भाराप्रमाणे हवा भरता येते व भार उतरला की सोडता येते. ज्याची गाडी चार दिवस मोकळी आणि एक दिवस जुंपलेली असते, त्याला पाट्यापेक्षा पिशवीच सोयीची.

ट्रॉलीमुळे मागचा भाग इतका का बसतो, हे समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. समजा, पिकअपच्या दोन्ही एक्सलमधले अंतर ३ मीटर आहे आणि टोचनाचा (ट्रॉली ओढण्याचा) हुक मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आहे. १,००० किलोच्या ट्रॉलीची दांडी साधारण १० टक्के, म्हणजे १०० किलो भार हुकावर टाकते. पहारीने दगड उचलावा तसा हा भार एक्सलवर टेकून पुढचा भाग उचलतो. त्यामुळे मागच्या एक्सलवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ४० किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके लागते, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्री पुणे-हैदराबाद महामार्गावर हा शेवटचा दोष जिवावर बेतू शकतो.

पिशवीची उचल म्हणजे हवेचा दाब गुणिले तिचे प्रत्यक्ष भार पेलणारे क्षेत्रफळ. ते १०० चौ. सेंमी. धरले, तर दर चौ. सेंमी.ला १ किलो दाबाने (पंक्चरच्या दुकानातल्या भाषेत सुमारे १४ पौंड) एक पिशवी १०० किलो उचलते आणि ४२-४३ पौंडांना ३०० किलो. पिशवी दबत जाते तसे आतल्या हवेचे आकारमान घटून दाब वाढतो. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच. म्हणून मोठ्या आचक्याला पिशवी आपोआप कडक होते आणि एक्सल चेसिसवर आदळत नाही.

इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो. गाडी समतल दिसू लागली म्हणजे भार हलका झाला असे वाटते, पण वरच्या उदाहरणातले १४० किलो मागच्या एक्सलवरच असतात आणि गेलेले ४० किलो पुढे परत येत नाहीत. ते परत आणायला भार वाटून देणारा वेगळ्या रचनेचा हुक लागतो. एक्सल, टायर, बेअरिंग, ब्रेक यांची मर्यादा पिशवीने एका किलोनेही वाढत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११३ मधील वजनमर्यादा तशीच लागू राहते. ती ओलांडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे.

चेसिसचा प्रश्न याहून गंभीर आहे. पाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांनी चेसिसला देतो. पिशवी तोच भार एक्सलच्या बरोबर वर, एका जागी देते. हौदा भरलेला, हुकावर ओझे आणि पिशव्या टच्च फुगवलेल्या अशी गाडी गतिरोधकावरून जोरात गेली, तर चेसिस केबिन आणि हौद्याच्या मधोमध वाकू शकते. पिशव्यांची हवा गरजेपुरतीच ठेवावी ती यासाठी. मागचा भाग मोकळ्या गाडीइतका उंच करण्याचा हट्ट धरू नये. थोडा बसलेला चालतो.

काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातले अंतर पाहून तो मागे किती ब्रेक लावायचा ते ठरवतो. पिशवीने मागचा भाग उचलला की त्याला गाडी मोकळीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. म्हणून पिशव्या बसवल्यावर या व्हॉल्व्हची तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. सराईत मिस्त्रीकडूनही हे काम राहून जाऊ शकते, तेव्हा मालकानेच विचारावे.

बसवताना बहुधा एक्सलवरचा रबरी बफर काढून त्या जागी पिशवी येते आणि खालची पट्टी यू-बोल्टने आवळतात. सायलेन्सरचा पाइप जवळ असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा हवाच. दोन्ही पिशव्यांना हवेच्या नळ्या स्वतंत्र ठेवाव्यात. एकाच नळीला जोडल्यास वळणावर दबलेल्या बाजूची हवा मोकळ्या बाजूला जाते आणि गाडी आणखी कलते. व्हॉल्व्ह नंबरप्लेटजवळ काढले तर टायरसारखीच हवा भरता येते. त्याआधी मोकळ्या गाडीची चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी. ट्रॉली जोडल्यावर किती हवा लागते ते त्या आकड्यावरून ठरते.

गाडी मोकळी असली तरी पिशवीत निदान ५ पौंड हवा राहू द्यावी, नाहीतर रबराच्या घड्या एकमेकींवर घासतात. चेसिसखाली जॅक लावण्यापूर्वी मात्र हवा सोडावी, कारण एक्सल खाली लोंबला की पिशवी ताणली जाते. पहाटे २० अंशांना भरलेले ४० पौंड सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर ४५ अंशांपर्यंत तापले की ४४-४५ होतात, म्हणून दाब नेहमी गाडी थंड असतानाच पाहावा. पावसाळ्यात बांधावरची काळी माती घड्यांत बसते आणि वाळली की खरकागदासारखी रबर घासते; ती पाण्याने भिजवून, बोटाने काढावी. रात्रीत एका बाजूची हवा उतरत असेल तर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. गळती बहुतेक वेळा पिशवीत नसून नळीच्या तिरक्या कापलेल्या टोकाशी सापडते. ते टोक धारदार पात्याने काटकोनात कापून पुन्हा बसवले की भागते.