दिवस-रात्र वेगळे मोजत नाहीत. वजावट मात्र खरी

‘तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे धरतात, म्हणून 14 वर्षांची शिक्षा 7 वर्षांत संपते.’ हे किती जणांकडून ऐकलं असेल! साफ खोटं आहे. 24 तासांचा एकच दिवस धरला जातो.

शिक्षा कमी होते ती दोन वेगळ्या कारणांनी, आणि लोक त्यांचीच गल्लत करतात. पहिलं कारण वजावट. खटला चालू असताना त्याच गुन्ह्यात काढलेली कच्ची कैद शिक्षेतून वजा होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 428 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत 468 आहे. 7 वर्षांची शिक्षा झाली आणि 2 वर्षं 4 महिने आधीच आत गेले असतील, तर उरतात 4 वर्षं 8 महिने. ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

दुसरं कारण माफी, म्हणजे शिक्षेच्या दिवसांत मिळणारी सूट. ती शिक्षा झालेल्या कैद्याने काम आणि वर्तणुकीवर कमवायची असते; कच्च्या कैदेच्या काळासाठी ती मिळत नाही.

जन्मठेपही 14 वर्षांत आपोआप संपत नाही. तिचा अर्थ उरलेलं आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर माफी कितीही साठली तरी 14 वर्षं प्रत्यक्ष भोगावीच लागतात; त्यात कच्ची कैद मात्र धरली जाते.

मग कच्च्या कैदेतल्या चांगल्या वागणुकीची माफी का मिळू नये? मला वाटतं, मिळावी. खटला रखडतो त्यात बहुतेकदा कैद्याचा दोष नसतो.