हे लाकूड आलं कुठून?

दरवर्षी एफवाय बीएस्सीच्या पहिल्या तासाला मी सागाचा एक ठोकळा घेऊन वर्गात जातो. सुताराकडून आणलेला, रंधा मारलेला, किलोभर वजनाचा. तो पहिल्या बाकावर ठेवतो. मुलं हातात घेतात, वास घेतात, मागच्या बाकावर देतात. सगळ्या वर्गात फिरून परत आला की विचारतो, "सागाचं बी एवढंसं असतं. मग हे वजन आलं कुठून?"

उत्तरं ठरलेली आहेत. माती. पाणी. खत. एखादी मुलगी "सूर्यप्रकाश" म्हणते. "हवा" असं म्हणणारं वर्षाला एखाददुसरं, तेही दबक्या आवाजात, चुकलं तर बरं नाही अशा बेताने.

मग मी एकाला फळ्याकडे बोलावून प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण लिहायला सांगतो. तो अजिबात न अडखळता लिहितो. कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू त्याच्याच हातून फळ्यावर उतरतात. खडू खाली ठेवून तो वळतो. मी ठोकळा पुढे धरून परत विचारतो, "आता सांग, हे आलं कुठून?" तो म्हणतो, "मातीतून, सर."

हा मुलगा ढ नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात, ७२०पैकी ३६० गुण त्यांचेच. त्यासाठी त्याने दोन वर्षं घासून अभ्यास केलाय. प्रकाशसंश्लेषणातल्या केल्व्हिन चक्रातल्या विकरांची (एन्झाइमांची) नावं तो झोपेतही सांगेल. पण ते चक्र पुस्तकात आहे आणि सागाचं झाड त्याच्या गावात बांधावर आहे, आणि दोन्हींची कधी गाठच पडलेली नाही. त्याची परीक्षा अनेकदा झाली. ही गाठ पडली आहे का, हे मात्र कोणी तपासलंच नाही.

दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. शेतीच्या मराठीत नत्र, स्फुरद, पालाश यांना आपण 'अन्नद्रव्यं' म्हणतो. कृषी खात्याच्या पत्रकात तसंच छापलेलं असतं, रेडिओवर तेच ऐकू येतं. पिकाला खत 'खाऊ घालतात', जमीन 'कस' देते. ज्या मुलाने लहानपणापासून हे ऐकलंय, त्याच्या डोक्यात झाड मुळांनी जेवतं हे पक्कं बसलेलं असतं. शाळेतलं समीकरण त्या समजुतीच्या शेजारी जाऊन बसतं, तिला उठवत नाही.

अशा दडून बसलेल्या समजुती बाहेर काढायच्या चाचण्या कशा तयार करतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भौतिकशास्त्रात अमेरिकेतल्या डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल आणि गतीवरची अशी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात आकडेमोड नाही, साध्या बोलीतले प्रश्न. गणितं सोडवण्यात पटाईत असलेले विद्यार्थी तिथे गडबडले. वनस्पतींच्या श्वसनावर आणि प्रकाशसंश्लेषणावर तर ऑस्ट्रेलियात हसलम आणि ट्रेगस्ट यांनी १९८७ मध्येच दुमजली चाचणी केली होती. वरच्या मजल्यावर उत्तर, खालच्या मजल्यावर कारण. दोन्ही बरोबर असेल तरच गुण.

या चाचण्यांची खरी मेख चुकीच्या पर्यायांत आहे. आपल्या नेहमीच्या पेपरात चुकीचे पर्याय पेपर काढणारा स्वतःच्या डोक्यातून काढतो, मुलं फसावीत म्हणून. इथे आधी विद्यार्थ्यांना समोर बसवून मोकळं बोलू देतात, ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घेतात, आणि तेच पर्याय म्हणून छापतात. त्यामुळे 'माती' हा पर्याय निवडणारा मुलगा नुसता एक गुण गमावत नाही, तो आपल्या डोक्यातलं चित्र शिक्षकाला दाखवतो. मला तर बरोबर उत्तरापेक्षा ते चुकीचं उत्तर जास्त मोलाचं वाटतं.

पदवीच्या जीवशास्त्रात काय समजलंच पाहिजे, याची अमेरिकेत २०११ मध्ये पाच गाभ्याच्या कल्पनांत मांडणी झाली: उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवाह, पदार्थ आणि ऊर्जेची स्थित्यंतरं, आणि व्यवस्था. पुढे त्यांवर बेतलेल्या चाचण्या आल्या. त्यांतल्या एका प्रकारात एक प्रसंग देतात, त्याखाली चार-पाच विधानं, आणि प्रत्येक विधान चूक की बरोबर ते स्वतंत्रपणे ठरवायचं. चारांतून एक निवडताना बाकीचे तीन बाद करत उत्तरापर्यंत पोचता येतं. इथे ती सोय नाही. अर्धवट समज लगेच उघडी पडते.

आता ठोकळ्याकडे. कारण त्यात जे आहे ते मला अजूनही थक्क करतं.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट नावाचा वैद्य होता. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंडीत भरली आणि ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर भोकं पाडलेला पत्रा बसवला. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड. माती परत वाळवून तोलली, तर घटली होती जेमतेम २ औंस, म्हणजे आपल्या हिशेबाने पाच तोळे. निष्कर्ष: झाड पाण्याचं बनतं. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालं.

याच माणसाने 'गॅस' हा शब्द घडवला. ६२ पौंड कोळसा जाळल्यावर १ पौंड राख उरते, बाकीचे ६१ पौंड अदृश्य वायू होऊन जातात, हे त्याने लिहून ठेवलं. तो वायू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. लाकडातून हवेत जाण्याची वाट त्याला दिसली, हवेतून लाकडात येण्याची तीच वाट दिसली नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. मातीला त्यांच्याआधी पावणेचारशे वर्षं बाद केलेला माणूसही हवेपाशी अडला होता.

हवा पटत नाही याचं कारण समजण्यासारखं आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के. एका घनमीटर हवेत पाऊण ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात निव्वळ कार्बन ०.२ ग्रॅम. कोरड्या लाकडात निम्मं वजन कार्बनचं. म्हणजे माझ्या किलोभर ठोकळ्यात अर्धा किलो कार्बन, आणि तो गोळा करायला २,५०० घनमीटर हवा हवी. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर अशा सुमारे ८८ खोल्यांमधला सगळा कार्बन डायऑक्साइड या एका ठोकळ्यात उतरलाय. हवा खाऊन पोट भरत नाही असं आपण म्हणतो, पण सागाचं भरतं.

ते कसं भरतं हे शोधायला किरणोत्सारी कार्बन लागला. कार्बन-१४ हा १९४० मध्ये अमेरिकेत बर्कलीला मार्टिन केमन आणि सॅम रूबेन यांना सापडला. मग तिथेच मेल्व्हिन केल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी चपट्या काचपात्रात हिरवं शेवाळ घेतलं, प्रकाश पाडला, हा खुणेचा कार्बन आत सोडला आणि काही सेकंदांतच शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये ओतलं. जीव तिथल्या तिथे थांबला. त्याचा अर्क गाळणकागदावर पसरवून, त्यावर एक्स-रे फिल्म ठेवून काळे डाग कुठे उमटतात ते पाहिलं. वेळ कमी करत गेलं तशी डागांची गर्दी विरळ होत गेली आणि शेवटी एक डाग ठळक राहिला: तीन कार्बनचं फॉस्फोग्लिसरिक आम्ल. हवेतला कार्बन झाडात शिरल्यावर पहिला दिसतो तो इथे. त्याला आत घेणारं विकर म्हणजे रुबिस्को. ते फार संथ आहे, सेकंदाला जेमतेम तीन ते दहा रेणू. म्हणूनच पानात ते खच्चून भरलेलं असतं.

आता वजनाचा ताळेबंद. लाकूड प्रकाशसंश्लेषणात तयार झालेल्या साखरेपासूनच बनतं, म्हणून ग्लुकोज या साखरेचे १८० भाग घ्या: कार्बन ७२, ऑक्सिजन ९६, हायड्रोजन १२. रूबेन आणि केमन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून दाखवलं की प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन वायू पाण्यातून येतो. मग समीकरणात डावीकडे पाण्याचे सहा नाही, बारा रेणू घ्यावे लागतात, आणि उजवीकडे सहा नवे तयार होतात. पाण्याचा ऑक्सिजन वायू होऊन निघून गेला, तर साखरेतला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडच्या खात्यावर जातो. (वाटेत या अणूंची पानातल्या पाण्याशी देवाणघेवाण होते, पण जमाखर्च बदलत नाही.) ७२ आणि ९६ मिळून १६८. म्हणजे साखरेच्या वजनातला ९३ टक्के हिस्सा हवेचा, पाण्याचा फक्त हायड्रोजन. आणि सूर्यप्रकाश? त्याचा वजनात वाटा नाही. तो अणूंची जुळणी बदलायला लागणारी ऊर्जा पुरवतो. ऊर्जेचं लाकूड होत नाही.

हे एकदा नीट समजलं की पिंपळाच्या गोष्टीचा निकाल आपोआप लागतो. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, त्याखाली झोपावं, असे निरोप २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत फोनाफोनी फिरत होते, तेही माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत असताना. मला त्याचा संताप आला होता आणि अजून येतो. ऑक्सिजन पाणी फुटल्याने सुटतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळ आपल्यासारखाच श्वसन करतो, ऑक्सिजन घेतो. निवडुंग, अननस, पानफुटी या वनस्पती रात्री पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) उघडतात हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. तो वायू या वनस्पती आम्लाच्या रूपात साठवतात. पानफुटीची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेल्या बेंजामिन हाईनने दोनशे वर्षांपूर्वी टिपलं होतं. ऑक्सिजन मात्र त्यांच्याकडूनही उजेडातच मिळतो. पिंपळाला पूज्य मानायला माझी काही हरकत नाही, पण त्याच्या नावावर खोटं रसायनशास्त्र खपवू नये.

पदार्थ आणि ऊर्जेच्या याच कल्पनेचा दुसरा प्रश्न स्वयंपाकघरात आहे. फडक्यात बांधलेल्या मुगाला मोड येतात, वाटीभराचे पातेलंभर होतात. ते कडकडीत वाळवून तोलले तर मुळातल्या कोरड्या मुगापेक्षा वजन वाढेल की घटेल? जवळजवळ सगळा वर्ग 'वाढेल' म्हणतो. अमेरिकेत मुळ्याच्या बियांवर हाच प्रश्न विचारला गेला होता. दीड ग्रॅम बी पाणी घालून अंधारात रुजवलं आणि वाळवलं, तर उरलं सुमारे १.२ ग्रॅम. फुगवटा पाण्याचा होता, आणि बियांतला कार्बन श्वसनातून हवेत गेला होता.

आपल्या चरबीचंही तेच. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला: १० किलो चरबी शरीरात पूर्ण वापरली गेली तर ८.४ किलो उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून जाते, १.६ किलोचं पाणी होतं. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक मिळून १५० जणांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त जण म्हणाले, चरबीची ऊर्जा होते. पोटाला पट्टा बांधून घाम काढणाऱ्यांचा धंदा याच गैरसमजावर चालतो.

उत्क्रांतीतला माझा आवडता प्रश्नही असाच बोलीभाषेत लपलेला आहे. "जंतूंना औषधाची सवय होते." चूक की बरोबर? लेडरबर्ग दांपत्याने १९५२ मध्ये मखमलीच्या ठशाने जिवाणूंच्या एका ताटलीची नक्कल दुसऱ्या ताटलीत उठवली आणि दाखवलं की औषधाला दाद न देणारे जिवाणू औषध भेटण्याआधीपासूनच त्या गर्दीत होते. औषधाने बाकीचे मेले, ते उरले. सवय कोणालाच लागली नाही. हा प्रश्न मी पुढच्या सत्रासाठी राखून ठेवतो, कारण पहिल्या आठवड्यात डोक्याला एवढं पुरतं.

यंदा तास संपल्यावर एक मुलगी ठोकळ्यापाशी थांबली. तिच्या घरी अजून चुलीवर पाणी तापतं. म्हणाली, "सर, मग मोळी जाळल्यावर जी राख उरते, तेवढीच मातीची?" मी म्हटलं, बहुतेक सगळी तीच. मुळांनी उचललेलं कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. बाकीचं आलं तिकडे परत गेलं.

सोमवारी ती दोन दिवसांची राख वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून घेऊन आली. लाकूड आधी तोलून ठेवलं होतं का, असं विचारलं तर म्हणाली, हो, किराणा दुकानातल्या काट्यावर. आम्ही पुडी प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवली आणि वर्गातली बाकीची मुलं काट्याभोवती गोळा झाली.